वाराचें जेवण आणि विद्येचें शहर

वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, समुद्रपूर तालुक्यांत, गिरड नांवाचें एक गांव आहे. गांवालगतच्या टेकडीवर शेख फरीद या अवलियाचा दर्गा असून हिंदु व मुसलमान दोघेहि तेथें पिढ्यान् पिढ्या नवस फेडावयास येत आले आहेत. या टेकडीवर गोल व टणक असे दगडी गोटे सांपडतात. भूगर्भशास्त्रवेत्ते त्यांस झिओलाइट जातीच्या खनिजाचे गोळे म्हणतात. भाविकांच्या मतें मात्र ते दगड झालेले नारळ होत. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनीं अवलियाची थट्टा केली, म्हणून त्यानें त्यांचा सारा माल दगड करून टाकला. पुढें ते शरण आले तेव्हां वाळल्या पानांतून त्यानें त्यांस नवा माल निर्माण करून दिला, आणि तो चमत्कार पाहून ते दोघेहि व्यापार सोडून कायमचे त्याच्या सेवेंत राहिले, अशी ही कथा आहे. १८७० सालीं प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांतहि ती नमूद आहे.

गिरड हें कांहीं विद्येचें शहर नव्हे. पण विद्येच्या शहरांचा इतिहास लिहावयाचा तर आरंभ अशाच एखाद्या गांवापासून करावा लागतो, कारण त्या शहरांतला विद्यार्थी बहुधा अशा गांवांतूनच येत आला आहे. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी, चार दिवसांच्या दशम्या आणि खिशांत मोजके रुपये एवढ्या भांडवलावर तो पुण्यास, नागपुरास किंवा मुंबईस उतरतो. तेथें आल्यावर घरून आणलेला माल पहिल्या महिन्यांतच दगड होतो. पुढचीं चार वर्षें त्याला वाळल्या पानांतूनच नवा माल उभा करावा लागतो. हें तो कसें करीत आला, आणि तें करीत असतां त्यानें त्या शहराचा आनंद कसा उपभोगिला, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल. महाविद्यालयांचे इतिहास आजवर लिहिले गेले ते गव्हर्नरांच्या भाषणांवरून, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांवरून आणि प्राचार्यांच्या तसबिरींवरून. विद्यार्थ्याच्या हिशेबाच्या वहीवरून तो कोणीं लिहिला नाहीं. परंतु एखादें शहर खरोखर विद्येचें आहे कीं नुसतें महाविद्यालयांच्या इमारतींचें आहे, हें त्या वहीवरून जितकें स्वच्छ कळतें तितकें पाटीवरून कळत नाहीं, असें आमचें मत आहे. शहरानें विद्यार्थ्याला फुकट काय दिलें आणि कोणत्या विद्यार्थ्याला दिलें, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे पुरे.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर हा व्यवहार इंग्रजी अमलाच्या पूर्वींचा आहे. पेशवाईंत श्रावणमासाच्या दक्षिणेसाठीं दूरदूरचे शास्त्री व विद्यार्थी पुण्यास लोटत. राज्य गेल्यावर कंपनी सरकारनें ही दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. ती पन्नास हजारांवर आणली, आणि १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली. हिचेंच रूपान्तर होत होत पुढें डेक्कन कॉलेज झालें. म्हणजे आपल्याकडील उच्च शिक्षणाची मुळी एक टोंक दानधर्मांत रुतलेलें होतें.

पण सरकारी दानापेक्षां विद्यार्थ्याला जगविलें तें घरोघरच्या चुलींनीं. वार लावून जेवणें आणि माधुकरी मागणें या त्या दोन रीति. ज्यांनीं त्या पाहिल्या नाहींत अशा वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. वाराच्या पद्धतींत विद्यार्थी सात घरें गांठी. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं, असा आठवडा भरे. एखाद्या घरीं सोयर-सुतक आलें किंवा यजमान परगांवीं गेला कीं तो वार मोडला, आणि त्या दिवशीं मुलाला एकादशी घडली. माधुकरीची तऱ्हा निराळी. दुपारीं स्नान करून, धूतवस्त्र नेसून, झोळी घेऊन पांच-सात दारीं उभें राहावयाचें आणि भिक्षेचा पुकारा करावयाचा. एका घरचा भात, दुसऱ्या घरची पोळी, तिसरीकडची आमटी असें जें जमेल तें खोलीवर आणून जेवावयाचें. मधमाशी फुलाफुलांतून कण कण गोळा करते म्हणून या भिक्षेला हें गोड नांव पडलें. नांव गोड असलें तरी सर्व घांस गोड असत असें नाहीं. शिळी पोळी, उंबऱ्यावर मुद्दाम ताटकळत ठेवणें, वाराच्या मोबदल्यांत पाणी भरणें, देवपूजा करणें, यजमानाच्या पोराची उजळणी घेणें, हे सारे त्याच व्यवहाराचे भाग होत.

तरीहि या पद्धतीचें अर्थशास्त्र ध्यानांत घेण्याजोगें आहे. विद्यार्थ्याच्या खर्चांतलें सर्वांत मोठें कलम पोटाचें. तें शहरानें शंभर घरांत वांटून घेतलें. कोणा एकावर भार नाहीं, कोठें कचेरी नाहीं, अर्ज नाहीं, शिफारस नाहीं. हातांत उरलेल्या रुपयांत फी, दिव्याचें तेल आणि एखाद-दुसरें पुस्तक भागे. विलायतेंतहि गरीब विद्यार्थ्यांची सोय होती, पण तिचें स्वरूप निराळें होतें. केंब्रिजला अशा मुलांस सायझर म्हणत. श्रीमंत सोबत्यांची चाकरी करून त्यांनीं आपलें शिक्षण चालवावयाचें. १६६१ सालीं खुद्द न्यूटन याच वर्गांत दाखल झाला होता. सॅम्युएल जॉन्सन ऑक्सफर्डला होता तेव्हां त्याचे फाटके जोडे पाहून कोणी दयाळू माणसानें नवी जोडी त्याच्या दाराशीं ठेवली, आणि त्यानें ती संतापानें फेंकून दिली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. वर्षसव्वावर्षांत पैशाअभावीं त्याला विद्यापीठ सोडावें लागलें. आमच्याकडे भिक्षेला धर्माचें पांघरूण होतें, म्हणून मागणाऱ्याला जोडे फेंकावे लागले नाहींत. त्या पांघरुणाची दुसरी बाजू पुढें सांगावयाचीच आहे.

आतां थोडें आनंदाविषयीं. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ सालीं वारले. वडील बंधु गोविंदराव यांनीं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावास दरमहा पाठवीत. त्या काळची एक आठवण गोखल्यांचे चरित्रकार सांगतात. एका मित्रानें त्यांस नाटकास नेलें. मित्राचा पाहुणचार समजून गोखले गेले. पण कांहीं दिवसांनीं त्या मित्रानें तिकिटाचे दोन आणे मागितले. आठ रुपयांच्या हिशेबांत दोन आण्यांस जागा नव्हती. तेव्हां गोखल्यांनीं दिव्याच्या तेलाचा खर्च बंद केला आणि ती तूट भरून निघेपर्यंत रस्त्यावरच्या दिव्याखालीं बसून अभ्यास केला.

ही गोष्ट शाळकरी पुस्तकांतून गोखल्यांच्या करारीपणाचा मासला म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेहि. पण आमचें लक्ष तिच्यांतल्या दुसऱ्याच एका गोष्टीकडे जातें. पहिली ही कीं, त्या मुलानें नाटक पाहिलें. दुसरी ही कीं, रस्त्यावर दिवा होता, आणि त्याच्याखालीं बसलेल्या मुलाला कोणीं उठविलें नाहीं. नगरपालिकेच्या तेलावर एका मुलाच्या नाटकाचें तिकीट फिटलें! शहराचें वैभव म्हणतात तें याहून वेगळें काय असतें?

आगरकरांची कथा आम्हां वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांस अधिक जवळची वाटते, कारण त्यांचें शिक्षण कऱ्हाडाहून अकोल्यापर्यंत भटकत आलें होतें. अकोल्याच्या हायस्कुलांतून ते १८७५ सालीं मॅट्रिक झाले, आणि तेथून पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेले. कॉलेजांत असतां त्यांच्यापाशीं एकच सदरा होता. रात्रीं तो धुवावयाचा, वाळत टाकावयाचा आणि सकाळीं तोच घालून वर्गांत जावयाचें, ही हकीगत सर्वश्रुत आहे. परीक्षेच्या फीसाठीं नाटक लिहून विकण्याचा त्यांचा बेत होता. प्रोफेसर केरूनाना छत्रे यांस तें कळलें व त्यांनीं मदत केली, असेंहि सांगतात. तें नाटक लिहिलें गेलें असतें तर मराठी रंगभूमीला काय लाभलें असतें, हा विचार आमच्या मनांत कधीं कधीं येतो. केरूनानांनीं नको तेव्हां दया केली, असें एखादा नाट्यप्रेमी म्हणेल!

आणि तरी हा एका सदऱ्याचा विद्यार्थी रडत बसलेला नव्हता. याच कॉलेजांत त्याची व बळवंतराव टिळकांची गांठ पडली; वसतिगृहांत व टेकड्यांवर रात्र रात्र वाद झाले; आणि त्या वादांतून पुढें १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ चें फर्ग्युसन कॉलेज निघालें. टिळकांची स्थिति आगरकरांइतकी ओढगस्तीची नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षीं त्यांनीं पुस्तकें बाजूस ठेवून तालीम, कुस्ती व पोहणें यांवर भर दिला हें सर्वांस माहीत आहे. नदीचें पाणी व तालमीची माती यांस त्या काळीं फी नव्हती. आम्हांला वाटतें, त्या पिढीचें निम्मे शिक्षण या बिनमोल ठिकाणीं झालें.

अशीं ठिकाणें पुण्यांत पुष्कळ होतीं. पर्वती होती, ओंकारेश्वराजवळचा नदीकांठ होता. देवळादेवळांतून कीर्तन चाले; ज्याला मोरोपंतांची आर्या पुस्तक विकत घेऊन वाचणें शक्य नव्हतें, तो ती कथेंत ऐकून पाठ करी. १८४८ साली लोकहितवादींच्या खटपटीनें सार्वजनिक ग्रंथालय निघालें, तेंच आजचें पुणें नगर वाचन मंदिर. १८७५ पासून न्यायमूर्ति रानड्यांच्या प्रेरणेनें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवांत मेळे व व्याख्यानें भर रस्त्यांत होऊं लागलीं. १८८० च्या ऑक्टोबरांत किर्लोस्करांचें शाकुंतल रंगभूमीवर आलें आणि त्यांतलीं पदें दुसऱ्या दिवसापासून गल्लोगल्लीं ऐकूं येऊं लागलीं. ज्यानें तिकीट काढलें नव्हतें त्याच्याहि वांट्याला अर्धें नाटक आलें. अशा शहरांत आठ रुपयांचा धनी हा कांहीं अगदींच दरिद्री नव्हे.

येथवर आम्ही जें चित्र रंगविलें तें खरें आहे, पण अर्धें आहे. पुण्याच्या जुन्या आठवणी लिहिणारे बहुतेक लेखक येथेंच थांबतात, आणि 'तो काळच वेगळा' असा सुस्कारा टाकून लेखणी ठेवतात. आमच्या मतें खरा इतिहास येथून पुढें सुरू होतो. माधुकरीला दार उघडे तें कोणाला? ब्राह्मणाच्या मुलाला. गिरडच्या एखाद्या कुणब्याच्या मुलानें पुण्यास जाऊन झोळी पसरली असती तर त्याच्या झोळींत काय पडलें असतें? महाराच्या मुलाला तर त्या गल्लींत पाण्याचा पेलाहि मिळाला नसता. शंभर चुलींनीं वांटून घेतलेला तो भार एका जातीचा होता, आणि तिच्यापुरताच होता. ही पद्धति स्वस्त होती याचें एक कारण हेंच कीं तिच्यापाशीं येऊं शकणारांची संख्या आधींच मर्यादित होती. कचेरी नको, अर्ज नको, शिफारस नको, असें आम्ही वर म्हटलें. नको, कारण जन्म हीच शिफारस होती.

हें त्या काळच्या लोकांस दिसत नव्हतें असें नाहीं. १८४९ सालीं दक्षिणा-फंडाचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा असा अर्ज पुण्यांतील सुधारकांनीं केला, तेव्हां सनातनी मंडळी खवळून उठली. आणि अर्जदारांच्या संरक्षणासाठीं जोतीराव फुले आपलीं माणसें घेऊन गेले अशी हकीगत आहे. भांडण रकमेचें नव्हतें. विद्येसाठीं ठेवलेलें सार्वजनिक द्रव्य कोणाचें, हा तो प्रश्न होता.

स्त्रियांची गोष्ट याहूनहि कठीण. मुलगी रस्त्यावरच्या दिव्याखालीं बसून वाचूं शकत नव्हती, पर्वतीवर वाद घालूं शकत नव्हती, नाटकाच्या पिटांत उभी राहूं शकत नव्हती. तिच्यासाठीं शहर म्हणजे एक बंद घर. म्हणूनच पंडिता रमाबाईंचें १८८९ चें शारदासदन काय, किंवा धोंडो केशव कर्व्यांचा आश्रम काय, यांचा आरंभ वर्गापासून न होतां राहण्याच्या जागेपासून झाला. कर्व्यांनीं आश्रम हिंगण्यास नेला तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून ते रोज पायीं तेथें जात-येत. प्रोफेसराचा टांगा वांचला तर आश्रमाच्या भाजीला पैसे होत.

मुंबईच्या चर्नी रोड स्टेशनजवळ समुद्राच्या कांठीं एक बाग आहे. तिला आज स. का. पाटील उद्यान म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं शाळा सुटल्यावर एक मुलगा तेथें येऊन बसे व वाचीत राही. परळच्या चाळींत त्याचें घर म्हणजे एक खोली. माणसें, भांडीं, सरपण सर्व तींतच. रात्रीं दोन वाजतां वडील त्यास उठवीत, कारण तेवढ्याच वेळीं खोलींत शांतता असे. त्या बागेंत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेहि फिरावयास येत. ते शाळामास्तर व ग्रंथकार होते. एकटा बसून वाचणाऱ्या मुलाकडे त्यांचें लक्ष गेलें व ओळख झाली. १९०७ सालीं तो मुलगा मॅट्रिक झाला तेव्हां केळुसकरांनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास भेट दिलें, आणि पुढें बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्द टाकून त्याला कॉलेजसाठीं दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळवून दिली. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्रांतला हा प्रसंग सर्वांनीं वाचलेला असतो. पण त्यांत बागेचें काम काय, याचा विचार फारसा कोणीं केलेला दिसत नाहीं. ज्या शहरांतलीं घरें त्या मुलाला बंद होतीं, त्या शहरांतलें एक बांक त्याला मोकळें होतें. तेथें बसणाऱ्याला जात विचारावी असा नियम नव्हता, आणि त्याच बांकाजवळून केळुसकर जात होते. वाराच्या सात घरांनीं जें केलें नसतें तें त्या एका बांकानें केलें.

आंबेडकरांचा पुढचा विद्यार्थिदशेचा इतिहास म्हणजे थोडक्या पैशांत विद्येचें शहर कसें लुटावें याचा वस्तुपाठच आहे. १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कला असतांना पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनीं सुमारें दोन हजार ग्रंथ जमविले. पुढें सिडनॅहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून शिलकीला टाकलेल्या पैशांवर १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. तेथल्या घरमालकिणीकडे सकाळीं पावाचा एक तुकडा व कपभर चहा एवढ्यावर ते बाहेर पडत आणि ब्रिटिश म्युझियमचें ग्रंथालय उघडतांच आंत शिरत. दुपारचें जेवण बहुधा नाहींच. रात्रीं उशिरांपर्यंत वाचन चाले व दहाच्या सुमारास भूक असह्य होई, तेव्हां एका ओळखीच्या गृहस्थानें दिलेले पापड ते पत्र्याच्या तुकड्यावर भाजीत व कपभर दुधाबरोबर खात. जगांतलें सर्वांत श्रीमंत ग्रंथालय दिवसभर, आणि रात्रीं चार पापड! या हिशेबांत पहिल्या कलमाला पैसे पडत नव्हते, म्हणूनच दुसऱ्यावर भागलें. १९२३ सालीं लंडन विद्यापीठानें त्यांस डी.एस्सी. ही पदवी दिली.

पण एकेका मुलाला बाग सांपडावी आणि बागेंत केळुसकर सांपडावे, यावर समाजाचें शिक्षण चालत नाहीं. हें ज्यांनीं ओळखलें त्यांत शाहू महाराजांचें नांव पहिलें. १९०१ सालीं कोल्हापुरांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि पाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. जातवार वसतिगृहें काढल्याबद्दल महाराजांवर त्या वेळीं टीका झाली व आजहि होते. आम्हांला ती टीका अर्धवट वाटते. जेवणाची पंगत जातवार होती म्हणून वसतिगृहहि जातवार निघालें. आणि एका पिढीनंतर त्याच वसतिगृहांतल्या मुलांनीं पंगत मोडली. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं तर १९२४ सालच्या आपल्या वसतिगृहांत सर्व जातींच्या मुलांस एका पंक्तीला बसविलें. त्यांचीं पोरें स्वतः राबत, स्वतः शिजवीत. एकदां धान्य संपलें तेव्हां लक्ष्मीबाईंनीं मंगळसूत्र मोडून मुलांस जेवूं घातलें. आमच्या विदर्भांत हें काम पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीच्या श्रद्धानंद छात्रालयाच्या रूपानें केलें, आणि १९३२ सालीं शिवाजी शिक्षण संस्था काढली. अमरावती-वर्ध्याकडच्या कुणबी शेतकऱ्याच्या मुलाला शहरांत हक्कानें पथारी टाकावयास जागा झाली ती या पिढींत.

नागपूर हें विद्येचें शहर पुण्याच्या मानानें उशिरां झालें. १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज व १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघालें, पण विद्यापीठ नव्हतें. येथल्या मुलांनीं आधीं कलकत्त्याच्या व पुढें अलाहाबादच्या परीक्षा द्यावयाच्या. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें तेव्हां त्याच्या पदरीं सहा महाविद्यालयें होतीं व सारे विद्यार्थी हजाराच्या आंत होते. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनीं पस्तीस लाखांहून अधिक रकमेचें मृत्युपत्र केलें, आणि त्यांतून १९४२ सालीं त्यांच्या नांवाची तंत्रविद्येची संस्था निघाली. ही उशिरांची गोष्ट एका परीनें हिताचीच झाली, असें आम्हांस वाटतें. पुण्यासारखी माधुकरीची जुनी चौकट येथें तितकी घट्ट नव्हती. गरीब विद्यार्थी खोली करून, चौघांत एक शेगडी पेटवून, पिठलें-भाकरीवर राही.

आणि शहराची मौज येथेंहि पैशाविना होती. १८६३ सालचें मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला सारें नागपूर अजब बंगला म्हणतें, तें खेड्यांतून आलेल्या मुलाचें पहिलें विश्वविद्यालय. भोंसल्यांची महाराजबाग होती, तेलंखेडीचा तलाव होता, सीताबर्डीच्या टेकडीवर गणपति होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीला तर तोड नाहीं. काळी आणि पिवळी मारबत महाल-इतवारींतून निघते, बरोबर बडगे निघतात, आणि वर्षभरांत ज्याचा ज्याचा लोकांस राग आला त्या सर्वांचा पुतळ्याच्या रूपानें उद्धार होतो. राज्यशास्त्राच्या वर्गांत लोकमत म्हणजे काय हें समजावून सांगतांना आमचा घसा कोरडा पडतो. मारबतीच्या दिवशीं तें मुलाला एका तासांत कळतें, आणि तेंहि फुकट.

गिरडपासून अधिक जवळचें विद्येचें ठिकाण म्हणजे वर्धा. १९३७ च्या ऑक्टोबरांत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली, आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण द्यावें व त्या उद्योगाच्या उत्पन्नांतून शक्यतों शिक्षकाचा पगार निघावा, असा विचार पुढें आला. त्यावर झाकीर हुसेन समितीनें योजना आंखली. विद्यार्थ्यानें कोणाच्या दारीं उभें राहूं नये, आपल्या चात्यावर आपली विद्या कमवावी, ही कल्पना वाराच्या जेवणाला दिलेलें कदाचित् सर्वांत सरळ उत्तर होती. ती टिकली नाहीं. पालकांना सूत नको होतें, सर्टिफिकीट हवें होतें. आणि खेड्यांतल्या बापानें तें मागितलें यांत त्याला दोष देण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. आज वर्ध्यास वैद्यकीय, अभियांत्रिकी व वाणिज्य महाविद्यालयें आहेत, १९९७ पासून हिंदी विश्वविद्यालयहि आहे.

आजच्या विद्यार्थ्याचें काय? माधुकरी गेली, वार गेले, आणि त्यांच्यासाठीं हळहळण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. पण त्यांबरोबर शहरांतलीं दुसरींहि कांहीं फुकट ठिकाणें चाललीं आहेत, तिकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. नदीकांठाला भिंत आली, बागेला तिकीट आलें, महाविद्यालयाच्या फाटकावर पहारेकरी आला. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयाचें वाचनगृह सायंकाळीं पांचला बंद होतें. कारण विचारलें तर विजेचें बिल वाढतें असें उत्तर मिळतें. गोखल्यांनीं आपल्या दिव्याचें तेल वांचविलें होतें. येथें महाविद्यालयच विद्यार्थ्याचा दिवा वांचवीत आहे. खेड्यांतून आलेला मुलगा मग चहाच्या टपरीपाशीं मोबाईलच्या प्रकाशांत वाचतो, आणि दर अर्ध्या तासानें एक चहा घ्यावा लागतो म्हणून तें बांक त्याला दिवसाला पन्नास रुपयांस पडतें.

शासनानें कांहींच केलें नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. वसतिगृहाचा भत्ता देणारी एक योजना आतां पंजाबराव देशमुखांच्याच नांवानें आहे. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांस सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं त्यांच्यासाठीं २०१६-१७ पासून आंबेडकरांच्या नांवानें स्वाधार योजना निघाली. मुंबई, पुणें, नागपूर अशा मोठ्या शहरांतल्या विद्यार्थ्यासाठीं आरंभीं तिची रक्कम वर्षाला साठ हजार रुपये ठरली: भोजनास बत्तीस हजार, निवासास वीस हजार, निर्वाहास आठ हजार. शंभर चुलींचा भार येथें राज्यानें उचलला, आणि घेणाऱ्याला कोणाच्या उंबऱ्यावर ताटकळावें लागत नाहीं. कचेरीच्या लागत असेल तर तो निराळा विषय. आमच्या वर्गांतला एक मुलगा या रकमेवर राहतो. भोजनाच्या पैशांतून तो दरमहा थोडे बाजूला काढतो आणि वर्षांतून तीनदां नाटकास जातो. रात्रीं परत येतांना सिटीबस संपलेली असते, म्हणून पायीं येतो, असें तो सांगत होता.